गलाईवाल्या शेठला विचारतो कोण?

विटा-आटपाडी भागात एखाद्या घरी मुलगा काय करतो म्हणून विचारले, तर बऱ्याचदा ‘दुकानावर आहे’ एवढेच उत्तर येते. दुकान केरळात असेल, तमिळनाडूत असेल, नाहीतर पार बिहारात. सांगलीचे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याचे माण, खटाव हे सगळे कमी पावसाचे तालुके. इथली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली. 1972च्या दुष्काळानंतर तर गावेच्या गावे बाहेर पडली.

मोठी कंपनी अधिकाऱ्याला परदेशी धाडते तेव्हा त्याला तिथली भाषा, रीतभात शिकवते, बायको-मुलांची सोय पाहते. गलाईच्या शेठला यातले काय मिळते? भांडवल पाहुण्यारावळ्यांकडून उभे केलेले, हाताखालची पोरे गावचीच. एखाद्याचा हात ॲसिडने भाजला तर त्याच्या आईला फोन शेठनेच करायचा. मुशीतून लगड निघाली, टंच म्हणजे कस ठरला, पैसे चुकते झाले, की व्यवहार संपला. बाकी सगळा विश्वास. त्यात कुणी चोरीचे दागिने गाळून नेले, तर पोलीस भट्टीवाल्याच्या दारात येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचे जुने 411 कलम, आताच्या न्याय संहितेतले 317, त्याची धास्ती या धंद्यात कायमची. परक्या भाषेत, ठाण्याच्या बाकावर बसून, आपल्याला ठाऊक नव्हते हे पटवायचे कसे? झोप उडणारच.

शेठची बायको तर लग्न होऊन थेट दुकानावरच्या खोलीत येते. शेजारणीशी बोलायची सोय नाही. तिच्याबद्दल कुणी फारसे बोलतही नाही.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी परमुलखात बसणाऱ्या सांस्कृतिक धक्क्यावर 1960मध्ये लिहिले. 1963मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने दाखवले, की घरी परतल्यावरही माणूस पुन्हा तसाच हेलपाटतो. शेठचेही तेच. त्याची मुले तमिळ सफाईने बोलतात, त्यांना गाव नको असते. गावातल्या बंगल्याला वर्षभर कुलूप. यात्रेत मात्र वर्गणीच्या यादीत शेठचे नाव वर हवे! मन ठिकाणावर नाही, हे तो सांगणार कुणाला? बाजारात पत जायची भीती.

गलाई व्यावसायिकांच्या संघटना पोलिसांत अडकलेल्या सभासदासाठी धावून जातात. तशीच धाव त्यांनी झोप उडालेल्यासाठीही घ्यावी. मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. निदान तो तरी प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावा.