जुनी बाइक ‘मिसिंग’ मारतेय? ई२० ला दोष देण्याआधी हे तपासा

२०२५ चा पावसाळा संपता संपता माझी बाइक बिघडली. २०१२ ची, १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली गाडी. २०२२ मध्ये २२ हजारांना सेकंडहँड घेतली होती. सकाळी चोक दिला की सुरू व्हायची, पण चार-पाच किलोमीटर गेलं की सिग्नलला बंद. थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली यायची नाही. सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखे आवाज यायचे आणि पिकअप देताना झटके बसायचे.

गॅरेजवाल्या काकांनी एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “दादा, हे सगळं नव्या पेट्रोलमुळे. इंजिनचं काम निघालंय. पिस्टन-बोअर करावं लागेल, नऊ हजार धरा.”

बावीस हजारांच्या गाडीवर नऊ हजार! सध्या हा संवाद अनेक गॅरेजमध्ये ऐकू येतो. मायलेज कमी झालं, ई२०. गाडी सुरू होत नाही, ई२०. प्रश्न असा आहे की ई२० नेमकं काय करतं, काय करत नाही, आणि आपल्या गाडीचा आजार यातला कुठला, हे ठरवायचं कसं?

ई२० म्हणजे काय आणि ते कधी आलं?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे इथेनॉल आपल्याकडे ऊस, मका आणि तांदळापासून बनतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचं बरंच गणित आता त्यावर अवलंबून आहे. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला. ई२० पंपांवर यायला फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचं उद्दिष्ट पूर्ण झालं. मूळ मुदत २०३० ची होती.

म्हणजे मी गाडी घेतली तेव्हा ती साधारण ई१० वर चालत होती आणि तीन वर्षांत ई२० वर आली. गाडीत काहीही न बदलता तिचं इंधन बदललं. पण त्याच तीन वर्षांत गाडी तेरा वर्षांची झाली, तिचे रबरी भाग म्हातारे झाले आणि टाकीला गंजही चढला. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नवीन रिलीजनंतर बग दिसला की सगळे त्या रिलीजलाच शिव्या घालतात. पुष्कळदा बग आधीपासूनच असतो, रिलीजने तो फक्त वर आणलेला असतो.

कार्ब्युरेटरचं दुखणं

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन थोडं जास्त जायला हवं.

फ्युएल इंजेक्शनच्या ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, ती सायलेन्सरकडे जाणारा धूर ‘वाचते’ आणि इंधन वाढवते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ बाइकमध्ये बहुतेक वेळा ही सोय असते. कार्ब्युरेटरला मात्र मेंदू नाही. त्याच्या जेटला ठरावीक मापाचं भोक असतं, त्यातून ठरावीकच इंधन जातं. त्यामुळे ई२० वर जुनी गाडी थोडी ‘लीन’ चालते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

इथे ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी सेट केलेल्या दुचाकींची कार्यक्षमता ई२० वर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. चारचाकींसाठी तो ६ ते ७ टक्के आहे. यात मायलेजमधली किरकोळ घट बसते, सिग्नलला गाडी बंद पडणं बसत नाही. म्हणून मला शंका आली की हे दुखणं दुसरंच आहे.

मी काय तपासलं

नियम एकच ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

आधी इंजिनचं काम खरंच निघालंय का ते पाहिलं. पिस्टन-बोअर झिजलं की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, इंजिन ऑइल कमी होत जातं आणि किक हलकी लागते. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. किक मारताना पायाला चांगला दाब जाणवत होता. नऊ हजारांचा प्रश्न निम्मा इथेच सुटला.

मग प्लग काढला. टोक तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काजळी धरलेलं काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. माझा पांढरट होता. खात्रीसाठी गाडी गरम असताना चोक अर्धा ओढला. गरम इंजिन चोकवर गुदमरायला हवं, पण माझं उलट शांत चालू लागलं. चोक हवा कमी करतो. म्हणजे इंजिनला एक तर पेट्रोल कमी मिळत होतं किंवा कुठून तरी चोरून हवा येत होती.

कार्ब्युरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरली (इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, जवळपास ठिणगी नाही याची खात्री करून). मिनिटभर धार तुटली नाही. ती तुटली असती आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पुन्हा सुरू झाली असती, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असा अर्थ निघाला असता. बाटली तासभर तशीच ठेवली. तळाशी वेगळा थर दिसला नाही. हे पाहणं गरजेचं आहे, कारण इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून खाली बसतात. नेमकं तिथूनच पेट्रोल कॉक इंधन ओढतो.

शेवटी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर, गाडी स्लोवर चालू असताना, स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारला. इंजिनचा आवाज लगेच बदलला. जोड वाकवून पाहिला तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर होती.

नवीन जोड बसवून दोन दिवस गाडी चालवली. रेस अडकणं आणि फटाके बंद झाले, पण सिग्नलला बंद पडणं चालूच राहिलं. मग कार्ब्युरेटर उघडला. खालच्या वाटीत तपकिरी गाळ होता आणि स्लो जेटचं बारीक भोक जवळजवळ बुजलेलं. हा टाकीतला गंज होता. पावसाळ्यात दोन महिने गाडी अर्ध्या टाकीवर उभी होती, त्याचा हा परिणाम. जेट साफ केला, टाकी धुतली, नळीत फिल्टर लावला. रबरी जोड, फिल्टर, नळी आणि साफसफाई मिळून साडेसातशे रुपये खर्च आला.

मग ई२० निर्दोष का?

तसंही नाही. माझ्या वहीतले आकडे सांगतो, सगळे टाकी फुल-टू-फुल मोजलेले. २०२२-२३ मध्ये लिटरला ४८ किलोमीटर. बिघाडाच्या काळात ३९. दुरुस्तीनंतर ४६. नऊ किलोमीटरमधले सात बिघाडाने खाल्ले होते, उरलेले दोन बहुधा इंधनाने. ते साधारण ४ टक्के होतात. एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही, पण हा आकडा आराखड्यातल्या अंदाजाशी जुळतो. आणि रबर? गरम इंजिनाशेजारी तेरा वर्षं राहिलेलं रबर तसंही कडक होतं. इथेनॉलने त्यात भर घातली का, हे मला घरी बसून सांगता येणार नाही.

खरी अडचण इथे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त काम आहे. मान्य. पण माझ्या मॉडेलचे नेमके कोणते भाग? ती यादी गाडीमालकाच्या हातात सहज पडायला हवी. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मिळावा, पंपांवर प्रमाण लिहावं, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. इथेनॉलमुळे तेलाची आयात कमी होते, ऊस आणि मक्याला बाजार मिळतो, हे फायदे खरे आहेत. पण ते देशभर वाटले जातात आणि जुन्या गाडीचा खर्च मात्र ज्याची गाडी त्याच्याच अंगावर येतो. दूध घालणारा, डिलिव्हरी करणारा, गवंडीकामाला जाणारा माणूस हौस म्हणून जुनी बाइक चालवत नाही.

माहिती नसली की अंदाज चालतो, आणि अंदाजाचं बिल नऊ हजारांचं येतं. ‘सगळं ई२० मुळे’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला त्यामुळे खरा दोष शोधावा लागत नाही. ‘ई२० मुळे काहीच होत नाही’ म्हटलं तर कंपनी आणि सरकार यांना उत्तर द्यावं लागत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात एवढं आहे. मायलेज आजपासून लिहायला लागा, म्हणजे उद्या तुलनेला आकडा असेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा. दर सर्व्हिसला रबरी जोड आणि नळी वाकवून बघा. आणि ‘इंजिनचं काम’ ऐकलं की होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा: धूर निळा आहे का, ऑइल कमी होतंय का, किक हलकी लागतेय का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी प्लग आणि कार्ब्युरेटर तपासायला सांगा.