सिगारेटपेक्षा बरी? पण सिगारेट ओढतंय कोण?

‘सिगारेट नाही रे, नुसती वाफ आहे.’ पेनड्राइव्हसारखी दिसणारी रंगीत कांडी बोटांत फिरवत कुणीतरी हे तुम्हाला ऐकवलं असेलच. आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास, राख नाही, घरी पत्ता लागत नाही. वर आणखी, ‘सेफ असते, गुगल करून बघ.’ गंमत म्हणजे गुगल केलंत तर तसं सापडतंही. म्हणून हे प्रकरण जरा नीट सोडवून बघू या.

पहिली गोष्ट, ती वाफ नाही. पाणी उकळल्यावर येते ती वाफ. व्हेपमध्ये बॅटरीवर एक बारीक कॉइल तापते. तिच्याभोवतीचा कापूस प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवरच्या द्रावणात भिजलेला असतो. त्यातून उठणारं धुकं थेट फुप्फुसात जातं. सिगारेटचं तसं नाही, तिथे तंबाखू जळतो. झुरका ओढताना टोकाचं तापमान ९०० अंशांच्या आसपास पोहोचतं आणि डांबर, कार्बन मोनॉक्साइड, शिवाय हजारो रसायनं बाहेर पडतात. त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून डांबर नाही. हा फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

याच फरकावर बोट ठेवून २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. तो आकडा म्हणजे तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हे, आणि त्यावर बरीच भांडणं झाली. तरी रोज पाकीटभर ओढणाऱ्याला सिगारेट सोडवण्यासाठी तिथे आजही व्हेप सुचवतात. पण त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली. एक कारण कचऱ्याचं होतं आणि दुसरं, कधीच सिगारेट न ओढलेली शाळकरी मुलं.

म्हणजे ‘कमी घातक’ हे वाक्य अर्धंच आहे. कुणापेक्षा कमी? जो आधीच ओढतो, त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी. जो काहीच ओढत नाही, त्याच्यासाठी तुलना साध्या हवेशी.

त्यात निकोटिनची गोष्ट वेगळीच. पूर्वीच्या व्हेपमध्ये निकोटिन वाढवलं की घशाला ठसका लागायचा. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘ज्यूल’ने बेंझोइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार वापरला आणि ठसका गेला. शरीराची ‘पुरे’ सांगणारी खूणच बंद. सिगारेट दहाबारा झुरक्यांत संपते, थोटूक फेकावं लागतं. या कांडीला शेवटच नाही. लेक्चर, कँटीन, लोकल, बाथरूम, कुठेही एक कश. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे सवय या वयात जास्त घट्ट बसते.

आता आपल्या भागाकडे या. डहाणू-तलासरीत सिगारेट ही मुळात मोठी गोष्ट आहे का? २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूर ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के, चघळणारे, घासणारे, दाढेत धरणारे २४.४ टक्के. आपल्याकडची घरं आठवा. आजीची मिश्री, काकांच्या कानाला खोचलेली विडी, वीटभट्टीवर आणि बोटीवर हातावर मळला जाणारा तंबाखू-चुना. निकोटिन भूक मारतं, हे दिवसभर राबणाऱ्याला शास्त्र न शिकताही ठाऊक असतं. आणि विडी पानात गुंडाळलेली असली म्हणून सौम्य नसते. डांबर आणि निकोटिनच्या बाबतीत ती सिगारेटला हार जात नाही.

या घरांतून व्हेप विडीला हटवायला येत नाही. आजोबा काही विडी टाकून पुदिन्याची कांडी ओढणार नाहीत. ती येते वापी, बोईसर नाहीतर मुंबईला शिकायला-कामाला गेलेल्या नातवाच्या खिशातून, स्टाइल म्हणून. म्हणजे इथे ती पर्याय नाहीच, घरातल्या तंबाखूत आणखी एक भर आहे.

‘मग सिगारेट टपरीवर खुली आणि व्हेपवर बंदी, हा कुठला न्याय?’ प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते सरकारने त्याला कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. सवय पसरण्याआधीच रोखायची, हा सरकारचा युक्तिवाद; सिगारेट-विडीमागे मात्र कर आहे, शेतकरी आहेत, विड्या वळणारे लाखो हात आहेत. काही असो, २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळंच गुन्हा आहे. नुसत्या ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. पण ‘दोस्तांसाठी चार आणल्या, पैसे घेतले’ ही विक्रीच झाली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इन्स्टावर स्टोरी टाकून विकणाऱ्यांनी हे वाचावं.

बंदी आणि प्रत्यक्ष बाजार यातलं अंतर तलासरीकरांना नव्याने सांगायला नको. गुटखाबंदी २०१२ ची, तरी हायवेवर गुटख्याचे ट्रक पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने गुजरातच्या मुंद्रा बंदरात चीनहून आलेल्या दोन लाखांहून जास्त ई-सिगारेट पकडल्या होत्या. गुजरातेतून मुंबईकडे येणारा हायवे आपल्याच दारातून जातो.

आणि चोरीच्या मालाची खरी भीती पोलिसांची नसते. आत काय आहे, हे कुणीच तपासलेलं नसतं. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन २,८०७ जण दवाखान्यात गेले, ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेल्या, बऱ्याचदा चोरट्या बाजारातल्या कांड्या वापरल्या होत्या आणि मुख्य संशय त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर गेला. तिथे निदान माल तपासून कारण शोधणारी यंत्रणा होती. आपल्याकडे पाकिटावर ‘५ टक्के निकोटिन’ छापलेलं असतं, ते खरं की खोटं कुणाला विचारणार?

तुम्ही किंवा तुमचा मित्र आधीच अडकला असेल, तर सोडायला व्हेपची गरज नाही. निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या. १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे, आणि विडी, तंबाखू, मिश्री सोडायची असेल तरी हाच नंबर. चिडचिड, डोकं जड होणं, झोप उडणं पहिल्या तीनचार दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं, पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जातं. फक्त ते तीनचार दिवस परीक्षेच्या आठवड्यात आणू नका.