आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला: तुमचे नेमके किती पैसे वाचतील?

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला. फॅमिली फ्लोटर आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीही यात येतात. नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या ग्रुप विम्याला मात्र ही सवलत नाही.

हिशोब काय?
मूळ हप्ता 30,000 रुपये असेल, तर पूर्वी करासह 35,400 रुपये भरावे लागत. म्हणजे 5,400 रुपये वाचायला हवेत. पण कमिशन, जाहिरात अशा खर्चांवर विमा कंपनी स्वतः जीएसटी भरते. पूर्वी तो तुमच्याकडून घेतलेल्या करातून वळता करता येत असे; आता ती सोय नाही. त्यासाठी कंपनीने मूळ हप्ता समजा 4 टक्क्यांनी वाढवला, तर तुम्ही 31,200 रुपये भराल आणि बचत 4,200 रुपयांवर येईल. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीचा करापूर्वीचा हप्ता शेजारी ठेवून पाहा.

ही बचत टिकेल का?
कर एकदाच जातो. हप्ता मात्र वय आणि उपचारांच्या खर्चाबरोबर वाढत राहतो. साठीच्या पुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी 'इर्डाई'शी सल्लामसलत करावी लागते. पण दरवर्षी 10 टक्के वाढ झाली, तरी 30,000 चे दोन वर्षांत 36,300 होतात. म्हणजे पूर्वी करासह भरत होता त्याहून जास्त.

मग तुम्ही काय करावे?
- वाचलेल्या पैशांतून विम्याची रक्कम वाढवता येते का, ते विचारा.
- खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे तपासा. मर्यादा 5,000 असताना 10,000 ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही निम्मेच मिळतात.
- मधुमेह, रक्तदाब लपवू नका.
- हप्ता चुकवू नका. पॉलिसी बंद पडून नवी घ्यावी लागली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.
- घरात 70 वर्षांवरील कोणी असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळते आणि खासगी विमाही ठेवता येतो.

करमाफीमुळे हप्ता हलका झाला, पण पॉलिसीच्या अटी त्याच आहेत. रुग्णालयातून घरी जाताना किती पैसे भरायचे, हे त्या अटींवरच ठरते.