विश्लेषण : परवानगी बँडची, गाणी दुसऱ्याची... चाहत्यांनी टिपलेल्या मैफली नेमक्या कोणाच्या?

अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला लागून असलेल्या वेस्ट व्हॅली सिटीत २ नोव्हेंबर १९९८ रोजी ‘फिश’ या रॉक बँडचा कार्यक्रम होता. ई सेंटर हे सभागृह त्या रात्री भरलेले नव्हते. दोनच दिवसांपूर्वी बँडचा मोठा कार्यक्रम लास वेगासमध्ये झाला होता. तो ऐकून अनेक चाहते घरी परतले होते. दुसऱ्या सत्रात ‘हार्पुआ’ हे स्वतःचे गाणे मध्यावर असताना बँडने, कसलीही पूर्वसूचना न देता, पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ सालचा अल्बम सुरू केला आणि तो पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवला.

घरी गेलेल्यांना हळहळ वाटली, पण त्यांना ती मैफल ऐकायला मिळाली. सभागृहात मायक्रोफोन लावून काही चाहते बसले होते. त्यांची ध्वनिमुद्रणे हातोहात पसरली. अशा ध्वनिमुद्रणांचे एक समांतर जग गेली पाच दशके उभे आहे. मात्र ते कायद्यापेक्षा सौजन्यावर अधिक टिकून आहे.

जॅम बँड म्हणजे काय?

गाणे ठरलेले, पण त्याचा विस्तार रंगमंचावरच सुचत जाणारा, अशा पद्धतीने वाजवणाऱ्या बँडना जॅम बँड म्हणतात. चार मिनिटांचे गाणे एखाद्या रात्री वीस मिनिटांचे होते. बंदिश तीच, पण प्रत्येक मैफलीत राग वेगळा उलगडतो, हे मराठी श्रोत्यांना नवे नाही. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला ‘ग्रेटफुल डेड’ हा या परंपरेतला आद्य बँड मानला जातो. ‘फिश’ची सुरुवात १९८३ मध्ये व्हरमॉंट राज्यातील बर्लिंग्टन येथे झाली. दोन रात्री सारख्या नसल्याने चाहत्याला एकच अल्बम पुरत नाही. त्याला प्रत्येक रात्र हवी असते. ध्वनिमुद्रणाची ओढ इथूनच येते.

दुसऱ्याचा अख्खा अल्बम कशासाठी?

‘फिश’ने ही प्रथा हॅलोविनच्या सणात सुरू केली. त्या रात्री लोक वेशांतर करतात, तर बँडने ‘संगीताचा वेश’ चढवला. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्लेन्स फॉल्स येथे बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ वाजवला गेला आणि त्यासाठी चाहत्यांनी मतदान केले होते. १९९५ मध्ये ‘द हू’चा ‘क्वाड्रोफेनिया’, १९९६ मध्ये अटलांटात ‘टॉकिंग हेड्स’चा ‘रिमेन इन लाइट’ आणि १९९८ मध्ये लास वेगासला ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’चा ‘लोडेड’ असा हा क्रम पुढे चालला. युटातली रात्र मात्र सणाची नव्हती आणि तिची जाहिरातही झाली नव्हती. म्हणूनच तिच्या ध्वनिमुद्रणाला एवढे मोल आले.

ध्वनिमुद्रणाची मुभा कुठून आली?

‘ग्रेटफुल डेड’च्या कार्यक्रमांत चाहते सुरुवातीपासूनच चोरूनमारून ध्वनिमुद्रण करत. त्यांना हुसकावण्याऐवजी बँडने १९८४ मध्ये त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा ठेवली. ध्वनिनियंत्रकाच्या मागे मायक्रोफोनचे उंच स्टँड उभे राहू लागले आणि या मंडळींना ‘टेपर’ हे नाव पडले. अट एकच होती : देवघेव करा, विकू नका. ‘फिश’नेही हाच मार्ग धरला.

यात व्यवहाराची जाणही होती. एक कॅसेट दहा जणांकडे पोहोचली की त्यातले काही पुढच्या वर्षी तिकीट काढून येत. रेडिओवर फारसे न वाजणारे हे बँड मोठी सभागृहे भरू लागले, त्यात या कॅसेटींचा वाटा मोठा होता.

देवघेवीचे नियम कोणते?

कॅसेटच्या काळात प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढत असे. त्यामुळे आपली प्रत मूळ ध्वनिमुद्रणापासून कितवी, हे महत्त्वाचे ठरे. नवख्याने कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवायचे, जुन्याने फुकट प्रत करून द्यायची, असा रिवाज होता. एकाने पाचांना, त्या पाचांनी पुढच्या पाचांना प्रती द्यायच्या, या साखळीला ‘टेप ट्री’ म्हणत.

१९९८ मध्ये ‘ईट्री’ हा चाहत्यांचा गट इंटरनेटवर उभा राहिला. फाइल लहान करताना आवाजाचा दर्जा उतरू नये म्हणून एमपी-थ्रीऐवजी ‘शॉर्टन’ आणि पुढे ‘फ्लॅक’ या पद्धती वापरात आल्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत मायक्रोफोन कोणता, यंत्र कोणते, संगणकावर कसे उतरवले, याची नोंद असते. फाइलमध्ये फेरफार झाला नाही, हे पडताळण्याचा आकडाही जोडलेला असतो. ही शिस्त एखाद्या अभिलेखागाराला शोभेल अशी आहे, आणि ती राखणाऱ्यांना पगार मिळत नाही.

मग अडचण कुठे आहे?

एका गाण्यात निदान तीन हक्क गुंतलेले असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. आणि रंगमंचावर सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क तिसरा.

अमेरिकेत डिसेंबर १९९४ मध्ये झालेल्या कायद्याने कलाकाराच्या संमतीविना मैफल टिपण्यास आणि तिच्या प्रती वाटण्यास मनाई केली. पण संमती द्यायची ती कलाकाराने. त्यामुळे ‘फिश’ने परवानगी दिली की हा प्रश्न मिटतो. सभागृहात दुसऱ्याचे गाणे वाजवण्याचीही अडचण नसते. संगीतकारांच्या संस्थांकडून सभागृहे एकत्रित परवाना घेतात, त्यात ते येते.

अडचण प्रत काढताना सुरू होते. पिंक फ्लॉइडच्या चालीची प्रत काढू देणे हे ‘फिश’च्या हातात नाही. बँड स्वतःच्या सादरीकरणापुरती परवानगी देऊ शकतो, त्यातल्या परक्या गाण्यांची नाही. म्हणजे ‘फिश’ने स्वतःची गाणी वाजवलेली रात्र आणि युटातली रात्र टेपरच्या लेखी सारखीच असली, तरी कायद्याच्या लेखी दुसऱ्या रात्रीची परवानगी अर्धीच आहे.

बँडने अधिकृत प्रकाशन केले तर मार्ग आहे. एकदा बाजारात आलेले गाणे पुन्हा गाऊन त्याचे ध्वनिमुद्रण विकायचे असेल, तर अमेरिकी कायद्यानुसार ठरलेला मोबदला देऊन ते करता येते. ‘फिश’चे हॅलोविनचे चार कार्यक्रम २००२ मध्ये सीडीवर आले. तेव्हा सरकारी दर होता प्रत्येक प्रतीमागे गाण्याला ८ सेंट. गाणे पाच मिनिटांहून लांबले तर मिनिटाला १.५५ सेंट, म्हणजे वीस मिनिटे रंगलेल्या गाण्याला ३१ सेंट. विस्तार हाच ज्यांचा प्राण, त्यांना तो मिनिटाच्या भावाने मोजावा लागतो. चाहत्यांच्या देवघेवीत यातले काहीच संगीतकाराकडे पोहोचत नाही. पण विक्रीच नसल्याने मागायचे कोणाकडे, हाही प्रश्न असतो.

उत्स्फूर्त सुरांची मालकी किती नाजूक असते, हे याच अल्बममुळे दिसले. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यात क्लेर टॉरी या गायिकेने शब्दांविना उत्स्फूर्त आलापी केली होती. त्या सत्राचे तिला ३० पौंड मिळाले. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रिचर्ड राइट यांच्यासोबत सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागले. चालीची मालकी ठरायला तीन दशके लागली.

सौजन्य मागे घेतले गेले तर?

ते एकदा घडले आहे. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ना-नफा संस्थेने ‘ईट्री’च्या साथीने २००२ पासून मैफलींचा संग्रह उभारला आणि परवानगी देणाऱ्या बँडचीच ध्वनिमुद्रणे त्यात घेतली. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’च्या बाजूने आक्षेप आला आणि हजारो मैफली उतरवून घेणे बंद झाले. चाहते संतापले. बँडचे बेसवादक फिल लेश यांनीही या निर्णयात आपला सहभाग नव्हता, असे जाहीर केले. काही दिवसांतच तोडगा निघाला : प्रेक्षकांतून टिपलेली ध्वनिमुद्रणे उतरवून घेता येतील, ध्वनियंत्रणेवरून थेट घेतलेली फक्त ऐकता येतील.

या संग्रहाचे मोल सरकारनेही मान्य केले आहे. कॉर्नेल विद्यापीठात ८ मे १९७७ रोजी झालेली ‘ग्रेटफुल डेड’ची मैफल ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २०११ च्या यादीत समाविष्ट झाली. ते ध्वनिमुद्रण बँडच्याच ध्वनिमुद्रक बेट्टी कॅन्टर-जॅक्सन यांचे. पण अधिकृत अल्बम २०१७ मध्ये निघाला. त्याआधी ते श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते चाहत्यांच्या देवघेवीतूनच.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडेही खासगी बैठकींची स्पूलवर केलेली ध्वनिमुद्रणे रसिकांनी जपली आणि एकमेकांना दिली. भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. त्यात कलाकाराचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले ध्वनिमुद्रण या हक्काचा भंग मानले जात नाही. मात्र ते इतरांना वाटणे ही वेगळी गोष्ट. कव्हर गाण्यांबाबत आपला कायदा अधिक कडक आहे. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडचा बदल करायचा तर मालकाची संमती लागते. परक्या गाण्याचा वीस मिनिटे विस्तार करणाऱ्या बँडला ही चौकट अवघड जाईल.

पुढे काय?

आता धोका खटल्यांपेक्षा यंत्रांचा अधिक आहे. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा गाणे ओळखते आणि मालकाच्या सूचनेप्रमाणे ते बंद करते किंवा जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे वळवते. ध्वनिमुद्रण विकले गेले की फुकट दिले गेले, बँडने होकार दिला होता की नाही, हे तिला कळत नाही. दुसरीकडे, संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांवरचा आर्थिक ताणही खरा आहे. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०२३ मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर भरलेला दावा सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. त्याचा मैफलींशी थेट संबंध नव्हता, पण मैफली त्याच संस्थेच्या घरात आहेत.

बँड आता स्वतःच प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण विकतात. ‘फिश’ने २००२ च्या अखेरीस ही सोय सुरू केली. त्यामुळे टेपरची गरज संपली, असे वाटू शकते. पण परक्या गाण्यांचे हक्क मिळाले नाहीत, तर अधिकृत प्रकाशन अडू शकते. जी रात्र अधिकृत संग्रहातून गळण्याची शक्यता अधिक, तीच चाहत्यांकडे जपलेली असते. तिच्यावर हक्क सांगता येणारे अनेक आहेत. ती टिकवण्याचे काम मात्र असा कोणताही हक्क नसलेल्यांनी केले आहे.