किल्ली आपल्याच हातात राहू दे!

विजेवरच्या मोटारी आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्यात. मुलांना शाळेत सोडणं, बँक, बाजार, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, ही सगळी कामं त्या गाडीवर घरातली बाईच करते. पण परगावी जायचं ठरलं की चित्र बदलतं. ‘वाटेत चार्जिंग संपलं तर? तू एकटी काय करणार?’ असं कुणीतरी म्हणतं, आणि किल्ली आपसूक नवऱ्याकडे किंवा मुलाकडे जाते. मैत्रिणींनो, माझी तक्रार आहे ती याच ‘तर?’बद्दल. कारण हा प्रश्न धाडसाचा नाही, साध्या हिशोबाचा आहे. आणि हिशोबात आपण कधीपासून कच्च्या झालो?

बॅटरी मोजतात ती युनिटमध्येच, आपल्या लाइट बिलावर असतं तेच युनिट. समजा, आपली बॅटरी 30 युनिटची आहे. लहान गाडी हायवेवर एका युनिटला साधारण सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे झाले 180 ते 210. जाहिरातीतला आकडा याहून बराच मोठा असतो, तो विसरा. त्यातही पाचवा हिस्सा अडीअडचणीला शिल्लक ठेवायचा, जसे आपण महिनाअखेरीसाठी डब्यात पैसे ठेवतो. उरले दीडशे किलोमीटर. तेवढ्या अंतराच्या आतच चार्जिंगची जागा ठरवून निघायचं, आणि ती बंद निघाली तर दुसरी कुठली, हेही आधीच बघून ठेवायचं.

खर्च वाढतो कशानं? सगळे एसीला बोल लावतात, पण खरा खादाड असतो वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 80 ऐवजी 100नं गेलात, तर तो दीडपटीहून जास्त होतो. युनिटं कमी पडतील असं वाटलं, तर उन्हात घामाघूम होत एसी बंद करण्याआधी वेग उतरवा. टायरमधली हवा निघण्यापूर्वी तपासून घ्या.

घाटाचंही गणित आहे. आमच्या कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरताना गाडी वेग आवरते, तेव्हा थोडी वीज परत बॅटरीत जाते. येताना मात्र तेवढंच अंतर जास्त खातं. दीड टनाची गाडी 600 मीटर उंच न्यायची, तर नुसत्या चढाईलाच अडीच युनिटं लागतात. म्हणून जाताना किती लागली त्यावर येतानाचा अंदाज बांधू नका.

वाटेतल्या फास्ट चार्जरवर 80 टक्के झालं की निघावं. पिठाचा डबा भरताना शेवटचं पीठ दाबून दाबून बसवावं लागतं ना, तसंच वरच्या 20 टक्क्यांना फार वेळ लागतो. मुक्कामाच्या घरी मात्र घाई नाही. गीझरचा असतो तसा 15 अँपिअरचा, अर्थिंग नीट असलेला प्लग मिळाला, की रात्री लावलेली गाडी सकाळपर्यंत बरीचशी भरते. साध्या एक्स्टेन्शनच्या वायरवर मात्र हा प्रयोग नको.

गंमत म्हणजे जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनंच केला. ऑगस्ट 1888मध्ये जर्मनीच्या बेर्था बेंझ यांनी, मोटार बनवणाऱ्या नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइम गाठलं. अंतर सुमारे 105 किलोमीटर. आणि निघाल्या होत्या कुठं? माहेरी! तेव्हा पेट्रोल पंप नव्हतेच. वाटेत व्हीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं साफ केली. आपल्याकडे तर आज फोनवर चार्जरचा पत्ता मिळतो.

पण सगळंच आपल्या हिशोबावर ढकलून चालणार नाही. मागच्या दिवाळीत मी हायवेवरच्या एका चार्जिंग स्टेशनवर पाऊण तास थांबले. मशीन उत्तम चालत होतं. पण दिवा एकच, माणूस कुणी नाही आणि स्वच्छतागृहाला कुलूप. पेट्रोल पाच मिनिटांत भरतं, इथे मात्र थांबावंच लागतं. मग तिथे उजेड, माणसांची वर्दळ आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह नको का? राज्य सरकारनं 2025 साली समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेवरच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली, हे चांगलंच झालं. पण टोल वाचला म्हणून रात्री अंधारात एकटी बाई निर्धास्त बसत नाही. चार्जरला परवानगी देतानाच या तीन गोष्टींची अट घाला, एवढंच मागणं आहे.

तोवर आपण आपल्या बाजूनं सुरुवात करू या. पहिल्यांदा शंभरेक किलोमीटरवरचं गाव निवडा, दिवसाउजेडी निघा, किती युनिटं लागली ते वहीत टिपून ठेवा. दोन-तीन खेपांत आपली गाडी आपल्याला कळते. मग कुणी ‘चार्जिंग संपलं तर?’ म्हणालंच, तर ती वही पुढे करा!