नकाशावरचे गायरान

एखाद्या संध्याकाळी चार-सहा मित्र टेबलाभोवती बसतात. एकाने सूत्रधाराचे काम पत्करलेले असते. बाकीच्यांपैकी कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी मारेकरी. फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा खेळ असाच चालत आला आहे. आता समजा, अशा टेबलावर तुम्ही वर्षभर एक मारेकरी जिवापाड जपला आहे. आणि एके दिवशी कंपनीचे नवे पुस्तक येऊन सांगते, की या जगातले सगळे मारेकरी एका देवाने मारून टाकले!

ही थट्टा नव्हे. १९८९ मध्ये 'फरगॉटन रेल्म्स' या जगात नेमके हेच घडले. नियमांची दुसरी आवृत्ती आली, तीत मारेकऱ्यांचा वर्ग नव्हता. नियमातला बदल कथेतही दिसावा म्हणून कादंबऱ्यांतून देवांना भूतलावर उतरवले गेले आणि बेन नावाच्या देवाने शक्ती मिळवण्यासाठी समस्त मारेकऱ्यांचा बळी घेतला. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हा जादूवर कोसळलेल्या महासंकटाने हेच जग उलटेपालटे झाले आणि त्याचा काळ शंभरेक वर्षे पुढे सरकला. प्रश्न दोन्ही वेळा एकच होता. खरे काय मानायचे? टेबलावर घडले ते, की पुस्तकात छापले ते?

इंग्रजीतल्या 'कॅनन'ला आपण प्रमाणकथा म्हणू. प्रमाण आणि प्रक्षिप्त यांचा वाद मराठी वाचकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तेव्हा संहितेत न घेतलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. पण महाभारताला मालक नाही. या जगांना आहे. म्हणून येथे प्रमाण ठरते ते निर्मात्याच्या शब्दावर नव्हे, तर मालकी हक्कावर. 'ग्रेहॉक' हे जग गायगॅक्स यांच्याच टेबलावर जन्मले. ऐंशीच्या दशकात ते टीएसआर कंपनीतून बाहेर पडले. ग्रेहॉक मात्र कंपनीकडेच राहिले आणि त्याचा पुढचा इतिहास इतरांनी लिहिला.

मग प्रमाणकथा टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. दोन अनोळखी खेळाडू भेटतात आणि 'वॉटरडीप' म्हणताच दोघांच्याही डोळ्यांसमोर तेच बंदर उभे राहते, ही मोठीच सोय आहे. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्या सूत्रधाराला तयार नकाशा आणि तयार राजघराणी हवीच असतात. तक्रार आहे ती सोयीची सक्ती होते तेव्हाची.

निरनिराळी जगे एकमेकांना जोडण्याच्या हौसेचेही तसेच आहे. ही हौस मुळात टेबलावरचीच. १९७९ च्या सूत्रधार-पुस्तकात गायगॅक्स यांनी आपली पात्रे काउबॉयांच्या किंवा अणुयुद्धोत्तर जगाच्या खेळात नेण्याचे नियम दिले होते. एड ग्रीनवुड यांच्या मूळ कल्पनेत फरगॉटन रेल्म्सला पृथ्वीकडून वाटा होत्या. त्या विस्मरणात गेल्या, म्हणून ते जग 'विस्मृत'. पुढे कंपनीने ही जोडणी पद्धतशीर केली. १९८९ च्या 'स्पेलजॅमर'ने जगाजगांत जहाजे फिरवली, तर १९९४ च्या 'प्लेनस्केप'ने दारोदारी वेगळ्या विश्वात उघडणारे सिजिल शहर दिले. मौज खरीच, पण तिला किंमत आहे. १९९१ च्या 'डार्क सन'मधले अथास हे देव नसलेले, लोखंडाला महाग झालेले वाळवंट आहे. तिथे बाहेरून तलवारी भरलेले एक जहाज उतरले, की त्या जगाचे सारे दुःखच स्वस्त होते. दार उघडायचे की नाही, हे त्या त्या टेबलानेच ठरवावे.

१९८७ साली फरगॉटन रेल्म्सचा पहिला संच निघाला, तेव्हा 'सेम्बिया' नावाचा श्रीमंत व्यापारी प्रदेश मुद्दाम मोकळा सोडला होता. तिथे काय वसवायचे ते ज्याच्या त्याच्या टेबलाने ठरवावे, हा हेतू. गावाने गुरांसाठी गायरान राखावे, तशी ही खेळणाऱ्यांची सामायिक जमीन होती. आणि गायरानाचे आपल्याकडे जे होते, तेच तिथेही झाले. २००० पासून सेम्बियात घडणाऱ्या अधिकृत कादंबऱ्या निघू लागल्या. एकेका टेबलाने कष्टाने वसवलेली गावे, घराणी, बाजारपेठा रातोरात 'चुकीच्या' ठरल्या.

२०२१ मध्ये खेळाचे एक प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी जाहीर केले, की चालू आवृत्तीपुरती त्या आवृत्तीची खेळ-पुस्तके तेवढी प्रमाण. जुन्या आवृत्त्या आणि कादंबऱ्या नव्हेत. वर्षानुवर्षे त्या कादंबऱ्या संग्रही ठेवणारे नाराज झाले. त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. पण एका फटक्यात जे अप्रमाण ठरू शकते, त्याच्या दडपणाखाली आपण आपला मारेकरी का मारावा?

कंपन्यांनी जगे विकावीत, जोडावीत, वाढवावीत. तो त्यांचा धंदा आहे. मागणे एवढेच, की गायरान म्हणून सोडलेली जमीन गायरानच राहू द्यावी. आणि ती राहिली नाही, तर खेळणाऱ्यांनी पुस्तक मिटून फासे हाती घ्यावेत. कारण त्या संध्याकाळी टेबलावर जे घडले, त्याला साक्षीदार आहेत.