विश्लेषण : अंगणवाडी की ‘कॉन्व्हेंट’? वर्ध्यातील पालकांनी काय पाहावे?

मूल तीन वर्षांचे होत आले, की वर्धा, हिंगणघाट, आर्वीतल्या घरांत एकच चर्चा सुरू होते : जवळची अंगणवाडी, की व्हॅनने जायचे ‘कॉन्व्हेंट’?

कायदा काय सांगतो?

२००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना हक्क देतो. ३ ते ६ वयोगटासाठी सरकार व्यवस्था करू शकते, एवढेच कलम ११ म्हणते. त्यामुळे पारख पालकांनाच करावी लागते.

अंगणवाडीत काय मिळते?

१९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत पूर्वशालेय शिक्षण, पोषण आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी मोफत मिळते. मात्र सेविकेवर इतर कामांचाही भार असतो.

मग निवडीचा निकष कोणता?

हाताने काम करत शिकण्याचा ‘नई तालीम’चा विचार १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही लहान वयात खेळ आणि घरच्या भाषेवर भर देते. म्हणून प्रवेशाआधी अर्धा तास वर्गात बसून पाहा. मुले बोलतात, की गप्प बसवली आहेत? माती, चित्रे, गाणी आहेत, की वहीभर एबीसीडी? एका ताईकडे किती मुले? स्वच्छतागृह कसे? घरापासून अंतर किती?

तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल जड जाते. इंग्रजी पुढेही शिकता येते; शाळेची धास्ती एकदा बसली, की सहज जात नाही.